चार हलक्या वाट्या

सोनूबाईच्या उजव्या तळहातात तराजू आहे, असं सोनूबाईचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि तिचं म्हणणं खोडून काढणारा माणूस गावात अजून जन्माला यायचा होता.

म्हसळ्याच्या अलीकडे खाडीच्या काठाला तिचं गाव. तिथे लग्न ठरलं की मुहूर्त भटजी काढायचा आणि सोनं पारखायची सोनूबाई. दागिना घडवून आणला की देवापुढे नंतर, सोनूबाईपुढे आधी. ती तो तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची, हात दोनदा वरखाली करायची आणि निकाल द्यायची. एकदा एका व्याह्याने पाटलीत लाख भरून आणली होती. सोनूबाईने ती हातात घेतली आणि म्हणाली, "पाटली चांगली हाय. फक्त सोनं घालायचं राहून गेलं." त्या व्याह्याने पुढे त्या गावच्या वाटेने जाणंच सोडलं.

सुरमई असो, नारळ असो, भाताचं पोतं असो की होणारी सून असो, सोनूबाईचा हिशोब एकच. जड ते खरं, हलकं ते खोटं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. तिसरीला मास्तर बदलला, तो तिला पसंत पडला नाही, म्हणून तिने शाळा बंद केली. स्वतःपुरती.

तर अशा सोनूबाईच्या नातवाचं लग्न शुक्रवारवर येऊन ठेपलं होतं. नातू अल्पेश. बाप हिरामण ट्रक चालवून चालवून चार ट्रकांचा मालक झालेला, पण पोराला ट्रक नको होते. त्याने म्हसळ्याच्या रस्त्याला मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं होतं. मुलगी दिवेआगरची. नेत्रा तिचं नाव. बाप विनेशशेठ, नारळ-सुपारीची वाडी, वाडीतच पाहुण्यांना उतरायला चार खोल्या. ही मुलगी सोनूबाईने स्वतः निवडली होती. पोरीने पाण्याचा हंडा उचलला तो एका हाताने, तेव्हाच सोनूबाईने मनात अक्षता टाकल्या होत्या.

दुसऱ्यांच्या घरी मंगळसूत्राची एक वाटी माहेरची असते आणि एक सासरची. सोनूबाईच्या घरात दोन्ही सासरच्या. माहेरच्यांनी पोरगी द्यावी आणि जेवून जावं. त्या दोन वाट्या म्हसळ्याच्या गणराज सोनाराकडे घडत होत्या, आणि जाता-येता घेऊन यायचं काम अल्पेशला सांगितलं होतं.

लग्नाला दहा दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी सोनूबाई अल्पेशचं कपाट आवरायला घेऊन बसली. तिचं आवरणं म्हणजे पोलिसांची झडती. शर्टांच्या घडीमागे तिला एक काळी डबी सापडली. उघडून बघते तर आत मऊ काळ्या गादीवर चार खळगे आणि चार खळग्यांत चार पिवळ्याधमक वाट्या.

त्या वाट्या मंगळसूत्राच्या नव्हत्या. हे आत्ताच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे सोनूबाईला जे धक्के बसले त्यात वाचणाऱ्याची भागीदारी नको. त्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या होत्या. इंजिनाच्या डोक्यात झडपा असतात, झडपेवर स्प्रिंग असते आणि त्या स्प्रिंगला झडपेशी बांधून ठेवणारी ही टोपी. मेकॅनिक लोक तिला रिटेनर म्हणतात. नेहमीची पोलादाची असते. ह्या टायटॅनियमच्या होत्या, आणि घासून खराब होऊ नयेत म्हणून वर सोनेरी रंगाचा कडक थर चढवलेला. अल्पेशने घरात हे सांगितलंसुद्धा होतं. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता की टायटॅनियमची वस्तू येणार आहे, कोणी हात लावू नका. सोनूबाईने मान डोलावली होती. तिला वाटलं, औषध असेल.

आता मात्र तिने एक वाटी उचलून तळहातावर ठेवली, डोळे मिटले आणि हात वरखाली केला.

हाताला काही लागेना.

तिने डोळे उघडून बघितलं, वाटी खाली पडली की काय. वाटी जागेवरच होती. वाळवलेल्या कोलंबीच्या सोड्याला याहून जास्त वजन असतं! तिने दुसरी घेतली, तिसरी घेतली, चौथी घेतली. चारही एकत्र घेतल्या तरी हातावर फुंकर मारल्यासारखं वाटत होतं.

दोन सांगितल्या होत्या, दिल्या चार. खोटा माल असला की माणूस असा सढळ होतो! वर कडीच्या जागी मधोमध भोक पाडून ठेवलेलं, ते म्हणे फॅशन. चाळीस वर्षं ज्या गणराजच्या दुकानाची पायरी झिजवली, ज्याच्या बापाने सोनूबाईची नथ घडवली, त्याने ऐन नातवाच्या लग्नात पितळेला मुलामा देऊन हातावर ठेवलं. पितळही कसलं? पितळेलाही काही अब्रू असते, वजन असतं.

घरात बोलायची सोय नव्हती. सून मनुबाई स्वभावाने चांगली, पण तिच्या कानात सांगितलेली गोष्ट वाऱ्याच्या आधी खाडीपलीकडे पोचायची. सोनूबाईने डबी लुगड्याच्या ओच्यात खोचली, देवळात जाऊन येते म्हणाली आणि सहा आसनी रिक्षात पुढची सीट अडवून बसली. रिक्षावाल्याने पुढे अजून एक माणूस बसवायचा विचार केला आणि तिचं तोंड बघून सोडून दिला.

गणराजच्या दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई पाठमोरी बसून जोडव्यांचे नमुने बघत होती. सोनूबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती गादीसमोर उभी राहिली आणि गणराजच्या बापापासून सुरुवात केली. बाप देवमाणूस होता, त्याने कधी गुंजेचा फरक केला नाही, त्याच्या पोटी हे काय निपजलं, इथपर्यंत आल्यावर गणराजने हात जोडले आणि विचारलं, काकी, झालंय काय?

"माझ्या वाट्या."

"तयार आहेत की. अल्पेश न्यायला आलाच नाही अजून." असं म्हणून त्याने तिजोरीतून लाल कागदात गुंडाळलेल्या दोन वाट्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

तळहात खाली गेला. असा गेला, जसा जायला हवा. खरं, भरीव, घराण्याला शोभेल असं सोनं. दुसरी एखादी बाई इथे ओशाळली असती. सोनूबाईने गणराजकडे बघून, मग आधीच का दाखवल्या न्हाय, असं त्यालाच सुनावलं.

आणि मग तिच्या डोक्यात वीज चमकली.

आपल्या वाट्या इथे, तिजोरीत. मग ओच्यातल्या कोणाच्या?

तिने डबी काढून गादीवर ठेवली. गणराजने झाकण उलटंपालटं केलं, त्यावरचा कागद वाचला आणि म्हणाला की काकी, हे तर दुबईहून आलंय. दुबई! दुबईहून काय येतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चार वाट्या म्हणजे दोन मंगळसूत्रं. कपाटात, शर्टांच्या मागे, लपवून. आणि घरात लग्न एकच.

"गणराज," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला, पण दुकानभर ऐकू जाईल इतकाच बारीक, "माझ्या अल्पेशनं दुसरी बघून ठेवली रे. एक न्हाय, दोन."

गणराज म्हणाला, आधी हे सोनं आहे का ते बघू. त्याने एक वाटी कसोटीच्या दगडावर घासली. सोन्याची रेघ उमटायला हवी होती. रेघ उमटली नाही. उलट दगडालाच ओरखडा पडला. गणराजच्या आजोबांचा दगड! त्याने दगडावर थुंकी लावून पुसलं, चष्मा लावून बघितलं. ओरखडा तो ओरखडाच.

मग त्याने तेजाब काढलं. पितळ असलं तर हिरवा फेस येतो, सोनं असलं तर काही होत नाही. त्याने थेंब टाकला. काही झालं नाही. दुसरा थेंब टाकला. वाटी आपली बसलीय शहाण्या सुनेसारखी, हूं नाही की चूं नाही.

"तेजाब म्हणतंय सोनं," गणराज घाम पुसत म्हणाला, "दगड म्हणतोय न्हाय."

"आणि माझा हात म्हणतोय हवा," सोनूबाई म्हणाली. "वितळव."

गणराजने एकदा तरी नको म्हणून बघितलं. दुसऱ्याची वस्तू, विचारल्याशिवाय कशी जाळायची? पण दुसरा म्हणजे कोण, तर नातू, आणि नातू कोणाचा? सोनूबाईने हा प्रश्न विचारला तेव्हा गणराज मुकाट्याने उठला. एक वाटी मुशीत ठेवली, गॅसची ज्योत पेटवली. सोनं असेल तर पाणी होईल, खोटं असेल तर जळेल, तिसरं काही होत नाही, असं सोनूबाईने शेजारच्या बाकाकडे बघत सांगितलं.

तिसरंच झालं. वाटी लाल झाली, नारिंगी झाली, पण वितळायचं नाव घेईना. गणराजने ज्योत मोठी केली. त्याच्या कपाळावरचं गंध ओघळून नाकावर आलं, मुशीच्या कडा काळ्या पडल्या, पण वाटी बसलेली तशीच. शेवटी चिमट्याने उचलून बाहेर ठेवली, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत तिचा सोनेरी रंग पार उतरला. एका कडेला जांभळा, मध्ये निळा, खाली मोरपंखी, आणि एका बाजूला राखेसारखा खरखरीत थर. चार वाट्यांतली एक आता उरलेल्या तिघींची कोणी लागत नव्हती.

सोनूबाईने कपाळावर हात मारला आणि त्याच क्षणी तिचं लक्ष बाकाकडे गेलं. बाक रिकामा होता. जोडवी तशीच पसरलेली. आता आठवलं, ती पाठ ओळखीची होती. साखरपुड्याला जेवणाच्या पंगतीत तिने ती पाठ बघितली होती. नेत्राची आत्या, हेमाली. दिवेआगरची!

बाहेर हेमाली फोन कानाला लावून चपला हातात घेऊन पळत होती.

परतीच्या रिक्षात सोनूबाई पहिल्यांदा मागच्या सीटवर बसली. तिने बेत केला. डबी गुपचूप जागेवर ठेवायची, अल्पेश आला की दार लावून विचारायचं, दिवेआगरला फोन करून बाईला ऐकण्यात चूक झाली म्हणून सांगायचं. हेमालीला कमी ऐकू येतं असं सांगायचं. लग्न शुक्रवारी होणारच, त्यासाठी तिने जगाला बहिरं ठरवलं असतं.

पण घराजवळ रिक्षा वळली तर अंगणात दिवेआगरची जीप उभी. दिवेआगरचा माणूस एरवी चहा प्यायला उठायचा तर अर्धा दिवस घेतो! ओटीवर विनेशशेठ ताठ बसलेला, समोर पाण्याचा तांब्या, तांब्याला हात लावलेला नाही. व्याह्याने पाणी नाकारलं म्हणजे पुढचं सांगायची गरज नसते. हिरामण खांबाला टेकून उभा, मनुबाई दारात पदराचं टोक चावतेय, आणि जीपच्या मागच्या सीटवर नेत्रा, मान खाली घालून. शेजारपाजारच्या बायकांना त्याच वेळी नेमकं सोनूबाईच्याच अंगणातल्या दोरीवर वाळत घालायला कपडे सापडले होते.

विनेशशेठ आवाज चढवून बोलला नाही. आम्ही वाडीची माणसं, म्हणाला, सोनं कमी असलं तर चाललं असतं, नसतं तरी चाललं असतं. पण मुलगा दोन ठिकाणी मंगळसूत्र बांधणार असेल तर माझी पोरगी तिसरी नको.

अल्पेशला गॅरेजवरून बोलावणं गेलंच होतं. तो आला तो ग्रीसने माखलेल्या हातांनी, काय झालंय ते न कळलेला. सोनूबाईने ओच्यातली डबी काढून त्याच्यापुढे धरली. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"ही कोणाची रे?"

अल्पेशने डबी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. घाईने झाकण उघडलं. आणि मग, अख्ख्या अंगणासमोर, सहा फुटाचा तो गडी खाली बसला. निळी-जांभळी झालेली वाटी त्याने दोन बोटांत धरली.

"जाळली?" एवढंच तो म्हणाला. "हिला जाळली?"

आता इतकं दुःख माणसाला कशाचं होतं? अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. खरं प्रेम आहे हो त्या दुसरीवर, असं त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं सोनूबाईलाही वाचता आलं, आणि तिला तर धड वाचता येत नव्हतं!

विनेशशेठने सरळ विचारलं, ह्या वाट्या कोणासाठी आणल्यास? अल्पेशने वर बघितलं, जीपकडे बघितलं, आणि मान खाली घातली. हिरामणने विचारलं, मनुबाईने रडत विचारलं. तो गप्प. जिथे नको तिथे बोलणारा, झडपा आणि पिस्टन यांवर तासभर व्याख्यान देणारा पोरगा, आज तोंडात गूळ धरल्यासारखा गप्प. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा ते सगळ्यांनी लावला.

विनेशशेठ उठला. चप्पल शोधू लागला. "लग्न मोडलं असं समजा, मावशी," तो म्हणाला.

सोनूबाईला अंगणातला माड फिरल्यासारखा वाटला. तिच्या घरातलं लग्न मोडलं! मांडवाचे बांबू पडलेत बाहेर, हळदीचा बॅन्जो सांगून झालाय, साडेपाचशे पत्रिका वाटून झाल्यात, आणि तिच्या घरातलं लग्न मोडलं. तेही तिच्या स्वतःच्या हाताने.

तेवढ्यात जीपचं दार उघडलं.

"त्या माझ्या आहेत," नेत्रा म्हणाली.

ती पुढे आली आणि अल्पेशच्या हातातली जळकी वाटी घेऊन तिने उन्हात फिरवून बघितली. मग बापाकडे न बघता बोलू लागली. वाट्या मंगळसूत्राच्या नाहीत. गाडीच्या आहेत. अल्पेशच्या शाळेतला मित्र मुसअब दुबईला असतो, तो सुट्टीवर आला तेव्हा घेऊन आला. आणि गाडी अल्पेशची नाही. अल्पेश नुसतं इंजिन बांधतो. चालवते ती.

"काय चालवतेस?" विनेशशेठने विचारलं.

"शर्यतीची गाडी, बाबा. येत्या रविवारी ओहोटीला वाळूवर शर्यत आहे. तीन वर्षं चालवतेय."

विनेशशेठने सापडलेली चप्पल पुन्हा हरवली. तीन वर्षं ही पोरगी माणगावला शिवणक्लासला जात होती. घरात एक परकर शिवून झाला नव्हता, हे आता त्याच्या ध्यानात आलं. तो ओटीच्या कडेला बसला, तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायला. लग्न मोडायला आलेला माणूस त्याच घरचं पाणी प्यायला, याचीही त्याला शुद्ध राहिली नव्हती.

अल्पेश का गप्प बसला होता, तेही आता उघड झालं. तिने कोणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने लग्न मोडू दिलं असतं पण सांगितलं नसतं. आणखीही एक गोष्ट उघड झाली. सोनूबाईने शंभरांत निवडलेली ही मुलगी दोन वर्षांपासून अल्पेशच्या गॅरेजात येत-जात होती. बघायच्या कार्यक्रमात दोघं एकमेकांना नाव विचारत होती तेव्हा सोनूबाई शेजारी बसून कौतुकाने बघत होती!

पण सोनूबाई एका ठिकाणी अडकली होती. राहवेना म्हणून तिने विचारलंच. "गाडीची वस्तू दुबईहून कशाला? आणि आणलीच तर अशी हलकी, खोटी का?"

"खोटी न्हाय आजी," अल्पेश म्हणाला. "हलकी हाय म्हणूनच तर आणली. पोलादाइतकीच दणकट, वजन जवळपास निम्मं."

त्याने समजवायचा प्रयत्न केला. झडप मिनिटाला हजारो वेळा उघडते आणि मिटते, उघडली की स्प्रिंगने तिला ओढून मिटवायचं. वस्तू जड असली की स्प्रिंग दमते, झडप वेळेत मिटत नाही, उघडी लोंबकळत राहते, ताकद जाते, आणि खालून पिस्टन येऊन तिला मारतो. पोरगा बोलत सुटला होता. सोनूबाईच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही पोचत नव्हतं.

नेत्राने ओटीवर टांगलेलं सूप काढलं आणि सोनूबाईच्या हातात दिलं.

"आजी, सूप बांबूचं का असतं? लोखंडाचं असतं तर?"

सोनूबाईने नकळत दोनदा झटका दिला, पाखडल्यासारखा. मनगट आपोआप उडालं आणि परत आलं. लोखंडाचं सूप? पहिल्या झटक्याला मनगट मोडेल. वर जाईल ते खाली यायला दुपार होईल. कोंडा कधी उडणार आणि तांदूळ कधी राहणार? ती सूप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. साठ वर्षं ती सूप हातात घेत होती. त्याच्या हलकेपणाची तिने कधी दखलच घेतली नव्हती.

विनेशशेठ आता वेगळ्याच तोंडाने उभा राहिला. मावशी, म्हणाला, आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगी अशी गाड्या उडवत फिरते हे लपवून दिली असं व्हायला नको. तुम्ही मोडलंत तरी मी तक्रार करणार नाही.

अल्पेश जळक्या वाटीकडे बघत नव्हता, आजीकडे बघत होता. नेत्राही. लग्न आता सोनूबाईच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

सोनूबाईने नेत्राला खालून वरपर्यंत बघितलं.

"पडलीस कधी?"

"दोनदा."

"रडलीस?"

"एकदा. टाकीला पोचा आला म्हणून."

सोनूबाईने सूप खुंटीला लावलं. "विनेशशेठ," ती म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी वेळेवर या. आणि त्या हेमालीला जोडवी घ्यायला सांगा, दुकानात तशीच टाकून पळाली ती."

मग तिने मनुबाईला चहा ठेवायला सांगितला आणि अंगणातल्या बायकांना आपापले कपडे आपापल्या दोरीवर नेऊन घालायला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जळलेली वाटी जळलेलीच होती. दुसरी मागवायची तर मुसअब परत गेलेला, कुरियरने यायला दोन आठवडे. अल्पेशने तीन टायटॅनियमच्या लावून चौथीच्या जागी जुनी पोलादाची बसवायचं ठरवलं. चालेल, म्हणाला, फक्त शेवटच्या टप्प्यात गाडी फार ताणायची नाही. आजीवर तो रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. नातू जेवताना गप्प बसला की सोनूबाईला घास उतरत नसे. आपण मोडलेली वस्तू आपण भरून द्यायची, हा तिच्या घराण्याचा नियम. आणि भरून द्यायची ती मोडलेल्यापेक्षा चांगली.

शनिवारी ती पुन्हा गणराजच्या दुकानात गेली. अल्पेशच्या डबीतली एक चांगली वाटी मापाला बरोबर नेली. गणराजने ऐकून घेतलं, पुन्हा ऐकून घेतलं, आणि मग त्याने तिला नाही म्हटलं. मग दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तिने त्याला त्याच्या बापाची आठवण करून दिली.

रविवारी सकाळी वाळूवर, शर्यतीच्या अर्धा तास आधी, सोनूबाईने लाल कागदाची पुडी अल्पेशच्या हातात ठेवली. आत रिटेनर होता. तंतोतंत मापाचा, मधोमध भोक, कडा गुळगुळीत. अस्सल सोन्याचा. भरीव.

अल्पेशने तो हातावर घेतला. त्याचा हात खाली गेला.

"आजी," तो म्हणाला, "सोनं कुठून आणलंस?"

मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या आटवल्या होत्या. एका वाटीत भागेना, भरीव करायचं म्हणून दुसरीही घातली. नेत्रा आधी हसली, मग हेल्मेट घालून बराच वेळ हसली. तो रिटेनर तिने खिशात ठेवला. गाडीत नव्हे. ती शर्यतीत दुसरी आली. पहिला आला तो मुंबईचा, आणि सोनूबाईच्या मते त्याच्या बाजूची वाळू जास्त घट्ट होती. असं तिने झेंडेवाल्यालाही सांगितलं. शर्यत सुरू असताना मात्र तिने डोळे मिटून घेतले होते, आणि दर चार श्वासांनी मनुबाईला विचारत होती, आली का?

लग्न शुक्रवारी झालं. नव्या वाट्या घडवायला गणराजला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. नेत्राच्या गळ्यात काळ्या मण्यांत एका बाजूला सोन्याचा रिटेनर ओवला होता आणि जोडी पुरी करायला दुसऱ्या बाजूला ती जळकी, निळी-जांभळी मोरपंखी वाटी. सोनूबाईला आत भीती होती की बायका हसतील.

बायका हसल्या नाहीत. एकेक जण वाकून बघत होती, बोट लावत होती, आणि सगळ्या जणी मोरपंखीकडेच. सोन्याकडे कोणी ढुंकून बघेना. पुढच्या आठवड्यात सात जणी गणराजकडे गेल्या, तशीच रंग बदलणारी वाटी मागायला. गणराजने त्यांना हात जोडून सोनूबाईकडे पाठवलं. तेव्हापासून कोणी ना कोणी ओटीवर येऊन बसते आणि विचारते, असा रंग कुठून आणलात हो?

"घरचीच रीत हाय," सोनूबाई सांगते, आणि चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते.